यंत्राचा स्वभाव संगणकावर कसा शिकतात?

वाचकहो, अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात एक विषय असतो. त्याचे नाव ‘कंट्रोल सिस्टिम्स’. आपण त्याला नियंत्रणशास्त्र म्हणू. सातपाटीहून, पालघरहून, बोईसर-तारापूरच्या गावांतून आता पुष्कळ मुलेमुली अभियांत्रिकीला जातात. त्यांतल्या कितीतरी घरांत इतके शिकणारी ही पहिलीच पिढी असते. या विषयाशी गाठ पडली की मुले गांगरतात. फळाभर सूत्रे असतात, वहीभर गणिते असतात. पण ज्या यंत्राविषयी हे सारे चालले आहे ते यंत्र वागते कसे, हे काही डोळ्यांपुढे उभे राहत नाही. पाठ केलेल्या उत्तरांवर परीक्षा सुटते आणि विषय मागे राहतो. पुढे हीच मुले कारखान्यात, वीजकेंद्रात, बोटींच्या यंत्रशाळेत कामाला लागतात, तेव्हा मागे राहिलेला विषय समोर येऊन उभा ठाकतो.

हा विषय शिकविण्यासाठी संगणकावर चालणारी काही साधने निघाली आहेत. विद्यार्थी पडद्यावर एखादा आकडा बदलतो आणि यंत्राच्या वागणुकीची रेघ तिथल्या तिथे बदललेली पाहतो. ही साधने काय करतात, त्यांच्या आत काय असते आणि त्यांच्यावर कोठवर विसंबावे, याची ओळख आज करून घेऊ.

प्रथम ‘प्रतिसाद’ म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही वस्तूला किंवा यंत्रणेला धक्का दिला, तिच्यावर नवा भार टाकला, तिला नवा हुकूम दिला, की ती लगेच नव्या स्थितीला जाऊन बसत नाही. मध्ये काही काळ जातो. त्या काळात ती जशी वागते, तो तिचा प्रतिसाद. माणसांचे स्वभाव वेगवेगळे असतात, तसेच यंत्रणांचेही असतात. पण मुख्य स्वभाव मोजके आहेत, आणि ते सातपाटीच्या बंदरावर सगळे पाहावयास मिळतात.

पहिला स्वभाव आळशाचा. जाळ्यातून काढलेले पापलेट बर्फात ठेवले म्हणजे ते एकदम थंडगार होत नाही. सुरुवातीला भरभर निवते, मग हळूहळू, आणि शेवटचे एक-दोन अंश उतरायला तर फारच वेळ घेते. मासा आणि बर्फ यांच्या उष्णतेत फरक मोठा असेल तेव्हा निवणे जोरात चालते. फरक कमी होत गेला की निवण्याचा वेगही मंदावतो. जाड मासा उशिरा निवतो, बारीक मासा लवकर. पण दोघांची रेघ काढली तर आकार एकच.

दुसरा स्वभाव झुलणाऱ्याचा. बोट एका बाजूला कलली की ती सरळ होऊन थांबत नाही. दुसऱ्या बाजूला जाते, परत येते, आणि असे हेलकावे घेत घेत स्थिर होते. प्रत्येक बोटीला स्वतःचा असा एक हेलकाव्याचा काळ असतो. वजन तळाशी असेल तर बोट चटचट, हिसके देत सरळ होते. वजन वर चढले तर ती सावकाश कलते आणि सावकाश परतते. प्रवाशाला हा सावकाश हेलकावा सुखाचा वाटतो. जाणता तांडेल मात्र तेथेच सावध होतो, कारण बोटीची सरळ होण्याची ताकद उणी झाल्याची ती खूण असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. लाटांच्या येण्याचा काळ आणि बोटीचा स्वतःचा काळ जुळला, तर लाटा लहान असूनही हेलकावे वाढतच जातात. शास्त्रात याला अनुनाद म्हणतात. तांडेल त्या वेळी दिशा बदलतो किंवा वेग बदलतो. त्यामुळे लाटा बोटीला वेगळ्या अंतराने भेटू लागतात आणि जुळलेला ताल मोडतो.

तिसरा स्वभाव उशिरा ऐकणाऱ्याचा. सुकाणू फिरविले की जड बोट ताबडतोब वळत नाही. क्षणभर सरळच जाते. नवशिक्या पोराच्या हाती सुकाणू दिले तर तो घाबरून आणखी वळवितो. मग बोट फार वळते, म्हणून तो उलट फिरवितो, तीही फार होते. बोटीमागे पाण्यावर सापासारखी नागमोडी रेघ उठते. जवळ बसलेला बाप म्हणतो, “अरे, एवढं वळवू नको. ती येतेय बघ.” या एका वाक्यात नियंत्रणशास्त्राचा निम्मा धडा आला, बरं का!

आता महाविद्यालयातल्या वर्गाकडे वळू. या तिन्ही स्वभावांची सूत्रे आहेत आणि ती अचूक आहेत. अडचण एवढीच की, सूत्र म्हणजे सबंध वागणुकीची घडी घालून ठेवलेली चिठ्ठी. सरावलेल्या माणसाला ती उघडून वाचता येते. नवख्याला नुसती अक्षरे दिसतात. पूर्वी एका सूत्रावरून एक रेघ काढायची तर कोष्टक मांडून पंचवीस-तीस बिंदू हाताने काढावे लागत. एका तासात एखादी रेघ होई. ‘शमन कमी केले तर काय होईल?’ असा प्रश्न मुलाच्या मनात आला तरी त्याचे उत्तर पाहायला दुसरा तास लागे. तोवर प्रश्नच विझून जाई.

शमन हा शब्द आला, तो येथेच समजावून घेऊ. हेलकावे मारणारी जी शक्ती, पाण्याचे घर्षण म्हणा, तेलाचा दाट अडथळा म्हणा, तिला शमन म्हणतात. कारखान्यात ‘डॅम्पिंग’ हा शब्द ऐकू येतो. संगणकाच्या पडद्यावर एका बाजूला शमनाचे एक सरकते बटण असते. ते कमी केले की रेघ लक्ष्याच्या वर उडी मारते, खाली येते, पुन्हा वर जाते. ते वाढवीत नेले की उड्या लहान होत जातात. एका ठिकाणी उडी नाहीशी होते आणि रेघ थेट लक्ष्याला टेकते. त्याहून वाढविले की तीच रेघ रेंगाळू लागते. विद्यार्थी दहा मिनिटांत पन्नास रेघा पाहतो. बटण सरकविणारा हात आणि रेघ पाहणारा डोळा यांच्यामध्ये खंड पडत नाही, हे या साधनांचे खरे बळ.

मग या साधनाच्या पोटात असते तरी काय? ते जादूचे नाही. पाचवी-सहावीतला मुलगाही ते हाताने करू शकतो. समजा, भांड्यातले पाणी ८० अंशांवर आहे आणि हवा ३० अंशांवर. दोघांत फरक ५० अंशांचा. आपण असा नियम धरू की, दर मिनिटाला या फरकाचा दहावा भाग कमी होतो. पहिल्या मिनिटात ५० चा दहावा भाग, म्हणजे ५ अंश गेले. पाणी ७५ वर आले. आता फरक ४५ उरला. त्याचा दहावा भाग ४.५, पाणी ७०.५ वर. पुढच्या मिनिटाला सुमारे ६६.४, त्यापुढे ६२.८. असे करीत गेले तर दहा मिनिटांनी पाणी सुमारे ४७.४ अंशांवर येते आणि वीस मिनिटांनी सुमारे ३६.१ वर. हे आकडे चौकटीच्या कागदावर मांडून जोडा. निवणाऱ्या माशाचीच रेघ तुम्हाला मिळेल. संगणक हेच करतो. फक्त तो मिनिटाऐवजी सेकंदाच्या बारीक भागांचे टप्पे घेतो आणि असे हजारो टप्पे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरे करतो.

अभियंते या आळशी स्वभावाला एकच आकडा लावतात. त्याला काल-स्थिरांक म्हणतात. एकूण बदलापैकी सुमारे ६३ टक्के बदल व्हायला जितका वेळ लागतो, तो काल-स्थिरांक. तेवढाच वेळ आणखी गेला की बदल ८६ टक्क्यांवर जातो, आणि तिप्पट वेळ गेला की ९५ टक्क्यांवर. आपल्या भांड्याचा काल-स्थिरांक साडेनऊ मिनिटांच्या आसपास निघतो. भांडे असो, मासा असो वा भट्टी असो, हा एक आकडा कळला की तिच्या चालीचा अंदाज बांधता येतो.

आता याच उदाहरणातली एक गंमत पाहा, कारण तिच्यात धोक्याची सूचना आहे. कोणी आळस करून एकेक मिनिटाऐवजी वीस मिनिटांचा एकच टप्पा घेतला. दर मिनिटाला दहावा भाग, म्हणजे वीस मिनिटांना वीस दशांश, म्हणजे फरकाच्या दुप्पट! ५० ची दुप्पट १००. ती ८० मधून वजा केली तर पाणी शून्याखाली २० अंशांवर गेले. पुढच्या टप्प्याला ते पुन्हा ८० वर उसळले. म्हणजे स्वयंपाकघरात ठेवलेल्या कढत पाण्याचा वीस मिनिटांत बर्फ झाला आणि आणखी वीस मिनिटांत तो परत उकळायला आला! कागदावर हिशेब बरोबर आहे, पण पाणी असे कधी वागत नाही. पडद्यावरची रेघ सुबक असते, म्हणून ती खरी वाटते. ती खरी की खोटी, हे ठरवायला भांड्याला हात लावून पाहिलेला माणूसच लागतो.

येथपर्यंत आपण नुसता स्वभाव पाहिला. तो स्वभाव ओळखून यंत्रणेला हव्या त्या ठिकाणी आणून टेकविणे, हे नियंत्रण. याची गोष्ट तर समुद्रावरचीच आहे. निकोलस मिनॉर्स्की नावाचे रशियात जन्मलेले अभियंते अमेरिकेच्या नौदलासाठी जहाजाचे सुकाणू आपोआप चालविण्याचा विचार करीत होते. जाणता सुकाणूवाला काय करतो, याकडे त्यांनी लक्ष दिले, आणि १९२२ साली त्यावर गणिती निबंध प्रसिद्ध केला. पुढे ‘न्यू मेक्सिको’ नावाच्या युद्धनौकेवर त्याची चाचणीही झाली.

सुकाणूवाला तीन गोष्टी पाहतो. जहाज आत्ता दिशेपासून किती ढळले आहे, ही पहिली. किती वेळापासून ते एकाच बाजूला ढळत राहिले आहे, ही दुसरी. पाण्याची ओढ सतत एका अंगाने असेल तर सुकाणू थोडे कायमचे वळते धरावे लागते. आणि ढळणे किंवा परतणे किती वेगाने चालले आहे, ही तिसरी; जहाज जोरात परतत असेल तर ते सरळ होण्याआधीच हात सैल सोडावा लागतो. मघाच्या बापाने पोराला सांगितले ते हेच. आज जगभरच्या कारखान्यांत जे नियंत्रक सर्वांत जास्त वापरात आहेत, ते या तीन गोष्टींचीच बेरीज करतात. पी. आय. डी. म्हणून त्यांना ओळखतात. सातपाटीच्या मुलाने हे नाव वर्गात प्रथम ऐकले, तरी ती कृती त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असते. हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. विषय परका वाटतो तो न सांगितल्यामुळे.

पडद्यावर या तीन गोष्टींची तीन बटणे असतात. पहिले बटण फार वाढविले की नवशिक्या पोराची नागमोडी रेघ दिसू लागते. दुसरे बटण शून्यावर ठेवले तर ओढ असलेल्या पाण्यात बोट नेहमी थोडी बाजूलाच राहते, लक्ष्यावर कधी येत नाही. तिसरे फार वाढविले तर प्रत्येक बारीक लाटेला सुकाणू हिसके देऊ लागते. तिन्हींचा मेळ घालायला विद्यार्थ्याला बसवावे. पहिली पाच-सहा वेळ फसेल. फसू द्यावे. येथे बोट बुडत नाही आणि डिझेलही जळत नाही.

आपल्याकडे या दिशेने झालेले एक काम सांगण्याजोगे आहे. भारत सरकारने २००९ साली माहिती-तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिक्षण देण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्या आधाराने पवईच्या आय. आय. टी. मुंबईत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने दोन-तीन उपक्रम उभे राहिले. एक म्हणजे विनामूल्य आणि खुल्या संगणक-साधनांचा प्रसार. त्यांत ‘सायलॅब’ नावाचे एक साधन आहे. ते फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेतून आलेले. प्रतिसादाच्या रेघा काढणे, नियंत्रक जुळविणे ही कामे त्यावर होतात, आणि त्याला पैसा पडत नाही. अशाच कामाची विकत मिळणारी साधने महाग असतात. लहान महाविद्यालयांना आणि घरी अभ्यास करणाऱ्या मुलांना ती परवडत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल.

दुसरा उपक्रम ‘स्पोकन ट्युटोरियल’, म्हणजे बोलते पाठ. सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ. अर्ध्या पडद्यावर पाठ चालतो, उरलेल्या अर्ध्यावर विद्यार्थी तीच कृती स्वतः करीत जातो. या पाठांना अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेला आहे, मराठीतही आहे. इंग्रजीपाशी अडणाऱ्या मुलाला पहिली पायरी चढायला हा आवाज उपयोगी पडतो. रेडिओ ऐकणाऱ्यांना हे निराळे सांगायला नकोच. कानाने ऐकत हाताने काम करणे आपल्याला सवयीचे आहे.

तिसरा उपक्रम आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. तेथे टेबलावर मावेल असे एक छोटे उपकरण तयार करण्यात आले. त्यात एक पोलादी पट्टी, ती तापविणारे वेटोळे, ती निवविणारा पंखा आणि तिची उष्णता मोजणारा संवेदक, इतकेच. वेटोळ्याला किती वीज द्यायची आणि पंखा किती वेगाने फिरवायचा, हे संगणक सांगतो. अशी अनेक उपकरणे एकत्र मांडून ती इंटरनेटने जोडण्यात आली, म्हणजे दूरच्या गावातला विद्यार्थीही सायलॅबवरून हुकूम पाठवून पवईतली खरी पट्टी तापवू शकेल आणि तिचे खरे आकडे आपल्या पडद्यावर पाहू शकेल. नुसत्या चित्रातले यंत्र आणि हे यंत्र यांत फरक असा की, खऱ्या पट्टीची रेघ गुळगुळीत नसते. ती किंचित थरथरते. खोलीची हवा तापली की तीच आज्ञा दिली तरी निराळे उत्तर देते. विद्यार्थ्याने सूत्राने काढलेला नियंत्रक येथे लावला म्हणजे त्याला कळते की, वहीतले उत्तर आणि पट्टीचे उत्तर यांत थोडे अंतर राहतेच. ते अंतर का राहिले, हे शोधताना मुलगा अभियंता होऊ लागतो.

वाचकहो, हे सारे कोठे उपयोगी पडते, ते पाहायला लांब जायला नको. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कितीतरी कारखाने आहेत. काही रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता सोडतात. उष्णता वाढली की क्रिया आणखी जोरात चालते आणि आणखी उष्णता सुटते. म्हणून भांड्याभोवती थंड पाणी खेळवून ती बाहेर काढावी लागते. आता भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आतला माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर पडण्याची बाजू चौपटच होते. प्रयोगशाळेच्या बाटलीत गुण्यागोविंदाने चालणारी क्रिया मोठ्या भांड्यात हाताबाहेर जाऊ शकते ती यामुळे. त्यातून उष्णता मोजणारा संवेदक उशिरा बोलत असेल, तर काट्यावर दिसणारा आकडा मागचा असतो आणि भांड्यातली स्थिती पुढे गेलेली असते. तेथे उभ्या असलेल्या माणसाला भांड्याचा काल-स्थिरांक आणि हा विलंब यांची जाण असणे ही त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या जिवाची बाब आहे.

तारापूरचे अणुवीज केंद्र तर सर्वांना ठाऊक आहे. १९६९ साली तेथून वीज देण्याचे काम रीतसर सुरू झाले. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. पुढे २००५ आणि २००६ साली तेथे ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या कामाला लागल्या. अणुभट्टीचा एक प्रतिसाद फार शिकण्याजोगा आहे. ती बंद केली, अणूंची साखळी तुटली, तरी उष्णता लगेच थांबत नाही. बंद केल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, आणि ती हळूहळू कमी होते. म्हणून बंद झालेल्या अणुभट्टीलाही पाणी पुरवीत राहावे लागते. अशा केंद्रांत काम करणाऱ्यांना आधी ‘सिम्युलेटर’वर, म्हणजे नियंत्रण कक्षाच्या संगणकी नकलेवर, शिक्षण देतात. विद्यार्थ्याच्या पडद्यावरचे साधन आणि हा सिम्युलेटर ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

या नकलेची मर्यादा जगाला १९७९ साली कळली. त्या वर्षी २८ मार्च रोजी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या ‘थ्री माइल आयलंड’ या अणुकेंद्रात अपघात झाला. तेथली अणुभट्टी तारापूरच्या भट्ट्यांहून वेगळ्या प्रकारची होती. ती आपोआप बंद झाली, पण दाब सोडणारी एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून झडप बंद झाली आहे असे वाटत होते. वास्तविक तो दिवा झडपेला ‘बंद हो’ असा हुकूम गेला आहे, एवढेच दाखवीत होता. पाणी भरपूर आहे असे दुसऱ्या एका मापकावरून समजून तेथील लोकांनी संकटकाळचा पाणीपुरवठाच कमी केला. भट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला. चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. संगणकाची सोपी भाषा ‘बेसिक’ १९६४ साली तयार करणाऱ्या दोघांपैकी हे एक. तेव्हा संगणकाविषयी त्यांना आकस असण्याचे कारण नव्हते. तरीही आयोगाच्या अहवालात ही गोष्ट नोंदली गेली की, ज्या सिम्युलेटरवर ही माणसे शिकली होती, त्यात असा प्रसंग घातलेलाच नव्हता. साधन तेवढेच शिकविते, जेवढे कोणी त्यात घातले असेल. यापुढे सिम्युलेटर अधिक पुरे, अधिक हुबेहूब करण्यात आले. ते टाकून देण्यात आले नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे. महाविद्यालयात शिकवीत असाल किंवा गावच्या शाळेत, तीन पथ्ये उपयोगी पडतील. पहिले, बटण दाबण्याआधी विद्यार्थ्याला कागदावर पेन्सिलीने रेघ काढायला लावावी: ‘काय होईल असे तुला वाटते?’ अंदाज लिहिलेला असला म्हणजे चूक झाल्यावर मन ‘का?’ म्हणते. अंदाज नसला तर पडद्यावरचा खेळ सिनेमासारखा पाहून होतो आणि घरी जाईपर्यंत पुसला जातो. दुसरे, एका वेळी एकच बटण हलवावे. तिन्ही एकदम हलविली तर कशामुळे काय झाले ते कळत नाही. तिसरे, पडद्यावर जे दिसले त्याचा जोडीदार खऱ्या जगात शोधून, तो हाताळून मगच धडा संपवावा.

शाळेत संगणक नसला तरी अडत नाही. दोरीला दगड बांधून झोका द्या. दोरी एक मीटर असेल तर जाऊन येण्याला सुमारे दोन सेकंद लागतात. पंचवीस सेंटिमीटर केली तर सुमारे एक सेकंद. दगड दुप्पट जड केला तर काय होईल, हे मुलांना आधी विचारा. ‘लवकर जाईल’ असे सांगणारे हात पुष्कळ वर येतील. मग मोजायला लावा. काळ तोच भरतो. नंतर तोच दगड पाण्याच्या बादलीत झुलू द्या. हेलकावे झपाट्याने मरतात. शमन म्हणजे काय ते मुलांनी डोळ्यांनी पाहिले. कढत पाण्याच्या भांड्यात उष्णतामापक ठेवून दर मिनिटाचा आकडा फळ्यावर लिहा, आणि शेजारी आपला दहाव्या भागाचा हिशेब मांडा. दोन्ही रेघा कोठे जुळतात, कोठे सुटतात ते पाहा. दहावा भाग जमत नसेल तर बारावा घेऊन पाहा. हेच काम मोठे अभियंते महागड्या साधनांनी करतात.

यावरून सूत्रांची गरज सरली, असे मात्र कोणी समजू नये. पडद्यावर पन्नास रेघा पाहिल्या तरी एक्कावन्नावी कशी असेल ते सांगायला सूत्रच लागते. ज्याने रेघा पाहिल्या आहेत त्याला सूत्र वाचताना अर्थ दिसतो, आणि ज्याला सूत्र येते त्याला रेघ खोटी असल्यास पकडता येते. तेव्हा दोन्हींची सांगड असू द्यावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी कोणी तांडेल असेल, यंत्रावर काम करणारा खलाशी असेल, बर्फाच्या कारखान्यात किंवा बोईसरच्या कंपनीत पाळी करणारी आई किंवा काका असतील, तर सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. बोट जड असताना सुकाणू किती आधी सोडता? बर्फ कमी पडला हे कशावरून ओळखता? काटा स्थिर दिसतो तरी मन शंका घेते ते केव्हा? त्यांची उत्तरे लिहून घ्या आणि सोमवारी ती सायलॅबवर मांडायचा प्रयत्न करा. काही उत्तरे सूत्रात चपखल बसतील. काही बसणार नाहीत; ती वेगळ्या पानावर ठेवा आणि आपल्या प्राध्यापकांना दाखवा.